टाचणीचं डोकं बाहेर, टोक आत

प्रश्न असा आला आहे: ‘मी कलेच्या इतिहासाची विद्यार्थिनी आहे. मॉर्मन स्त्रियांच्या स्त्रीवादी कलेवर प्रबंध लिहायचा विचार आहे. पण जे हाती लागतं त्यात एक तर चर्च सोडलेल्या बायकांचा राग असतो, नाही तर चर्चमध्ये राहिलेल्या बायकांची गोड गोड चित्रं. श्रद्धा न सोडता स्त्रीवादी काम होऊ शकतं का? आणि बघायला सुरुवात कुठून करू?’

मी समीक्षक नाही. जुन्या कापडांची डागडुजी आणि जतन हे माझं काम, आणि पंचवीसेक वर्षं मी तेच करते आहे. त्यातली काही वर्षं अमेरिकेत युटा-ॲरिझोनाच्या बाजूला गेली, म्हणून या विषयाशी ओळख झाली. आमच्या कामात कापड टेबलावर आलं की ते आधी उलटं करतात. सुलट बाजू बाईनं चार लोकांनी बघावी म्हणून शिवलेली असते. मध्येच संपलेला दोरा, उसवून पुन्हा घातलेले टाके, ऊन न लागल्यामुळे टिकलेला मूळ रंग, हे सगळं उलट बाजूला सापडतं. राग आणि गोडवा ही वाटणी तुम्ही सुलट बाजू बघून केली आहे असं मला वाटतं.

आधी एक गोंधळ निस्तरू. लांब झगे आणि वर फुगवून बांधलेले केस अशा ज्या बायका बातम्यांत दिसतात, त्या वेगळ्या, छोट्या, फुटून निघालेल्या पंथांच्या. मुख्य चर्च म्हणजे १८३० मध्ये जोसेफ स्मिथनं न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेलं ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. २०१८ पासून त्यांचा आग्रह आहे की आम्हाला ‘मॉर्मन’ म्हणू नका. मी इथे सोयीसाठी म्हणते आहे. या चर्चनं बहुपत्नीत्व १८५२ मध्ये उघडपणे जाहीर केलं आणि १८९० मध्ये ते थांबवत असल्याची घोषणा केली. आज कुणी दुसरं लग्न केलं तर त्याला चर्चबाहेर काढतात. तरी जुन्या युटाच्या कितीतरी घरांत कुणाची ना कुणाची खापरपणजी ‘तिसरी बायको’ असतेच. तो विषय इतिहासजमा झालेला नाही, वंशावळीत आहे. दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट प्रीस्टहूडची. आपल्या अर्थाचं पौरोहित्य हे नव्हे. चर्चमध्ये विधी करण्याचा आणि निर्णय घेण्याचा हा अधिकार मुलांना साधारण बाराव्या वर्षी मिळायला लागतो. बाईला तो कधीच मिळत नाही.

आता सुरुवात. माझं ऐकाल तर अँजेला एल्सवर्थपासून करा. फिनिक्सला राहणारी ही कलावंत मॉर्मन घरात वाढली आणि पुढे चर्चपासून दूर झाली. चर्चचा पाचवा अध्यक्ष लोरेन्झो स्नो हा तिचा खापरपणजोबा. ‘सीअर बॉनेट्स’ ही तिची मालिका. बॉनेट म्हणजे हनुवटीखाली बंद बांधायची, चेहऱ्याला दोन्हीकडून आडोसा करणारी टोपी, आपल्या टोपड्याची मोठी बहीणच म्हणा. बैलगाड्या आणि हातगाड्या घेऊन युटाला आलेल्या बायकांच्या डोक्यावर उन्हासाठी ती असायची. एल्सवर्थच्या टोप्या हजारो टाचण्यांच्या आहेत. कोटाला फूल लावायला मोतीदार डोक्याची टाचणी वापरतात ना, त्या. लांबून बघाल तर पांढऱ्याशुभ्र मोत्यांचं भरतकाम वाटतं, नवरीच्या साजासारखं. जवळ जाऊन आत डोकावलं की दिसतं, सगळी टोकं आत आहेत. टोपी घालायची म्हटली तर ती डोक्यात रुतणार.

अशी वस्तू जतनासाठी माझ्याकडे आली तर काय करीन, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. पोलादाला गंज धरणार, गंज कापडाला खाणार, आणि टाचण्यांचं वजन शिवणीला ओढणार. हातमोज्यांचा उपयोग शून्य. म्हणजे ती टोपी घालणारीला टोचतेच, जपणारीलाही सोडत नाही. कलावंतानं हा परिणाम ठरवून साधला असेल-नसेल, मला तो फार नेमका वाटतो.

पण टोचणं हा त्यातला सोपा भाग झाला. ‘सीअर’ म्हणजे द्रष्टा. जोसेफ स्मिथनं ‘मॉर्मन ग्रंथ’, म्हणजे या चर्चचा धर्मग्रंथ, कसा उतरवला, तर टोपीत एक दगड ठेवून, टोपीत तोंड घालून त्या दगडातून ‘बघत’ तो सांगत गेला आणि दुसऱ्यानं लिहून घेतलं. चर्चनंच हे अलीकडे मोकळेपणानं सांगितलं आणि २०१५ मध्ये त्या दगडाचा फोटोही छापला. पुरुषाची टोपी दिव्यदृष्टीचं साधन, बाईची टोपी उन्हाची. एल्सवर्थनं बॉनेटवर मोत्यांची वर्तुळं अशी बसवली की ते द्रष्ट्याचे दगड वाटावेत, आणि प्रत्येक टोपीला जोसेफ स्मिथच्या एकेका बायकोचं नाव दिलं: फ्लोरा ॲन, एमिली, एलायझा. ज्या बायकांची नावं रविवारच्या शाळेत कुणी घेत नव्हतं, त्यांना तिनं दृष्टी दिली.

मालिकेच्या नावाला एक शेपूट आहे, ‘अ कंटिन्युइंग ऑफेन्स’, म्हणजे चालू राहणारा गुन्हा. ते वाचून मला १८८७ चा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा एक निवाडा आठवला. एकाहून जास्त बायकांबरोबर राहण्याबद्दल लोरेन्झो स्नोला एकाच वर्तनाचे तीन तुकडे पाडून तीनदा दोषी ठरवलं होतं. न्यायालयानं म्हटलं की हा सलग चालणारा एकच गुन्हा आहे, त्याचे असे तुकडे पाडता येणार नाहीत, आणि स्नो सुटला. खापरपणजोबाच्या सुटकेचा शब्द खापरपणतीनं टोपीवर टाचला आहे, असं मी ते वाचते.

आता तुम्ही म्हणाल, ही तर चर्च सोडलेली बाई, म्हणजे पुन्हा रागच. थांबा. हे काम करायला लागणारं कसब कुठून आलं ते बघा. सुई, टाचणी, तासन्‌तास एका जागी बसून एकसारखं काम करणं, हे सगळं चर्चच्या बायकांच्या घरातलं आहे.

त्याची मुळं १८४२ मध्ये सापडतात. इलिनॉयमधल्या नॉव्हू गावात मंदिर बांधलं जात होतं. सारा किंबल ही घरची बरी असलेली बाई आणि तिच्याकडे शिवणकाम करणारी मार्गारेट कुक यांच्या बोलण्यात आलं की मंदिरावर राबणाऱ्या मजुरांना सदरे शिवून देऊ. एक कापड देणार, दुसरी शिवणार. त्या बोलण्याला आणखी बायका येऊन मिळाल्या आणि १७ मार्चला वीस बायकांच्या बैठकीत ‘रिलीफ सोसायटी’ उभी राहिली. जोसेफ स्मिथची पत्नी एमा पहिली अध्यक्ष झाली. आज ही संस्था जगभरच्या मॉर्मन स्त्रियांची आहे. मंदिर पुरुषांनी बांधलं हे खरं, पण त्यांच्या अंगावरच्या सदऱ्यांतून बायकांची संघटना निघाली.

क्विल्टचंही तसंच. आपल्याकडे गोधडी घरातल्या जुन्या लुगड्यांची असते आणि बहुतेक वेळा एकीच्याच हातची. युटाच्या ‘अल्बम क्विल्ट’मध्ये प्रत्येक चौकोन वेगळ्या बाईचा, आणि त्यावर तिची सही. १८५७ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या चौदाव्या वॉर्डातल्या (वॉर्ड म्हणजे चर्चची स्थानिक शाखा) बायकांनी असं एक क्विल्ट करून सोडतीत लावलं. पुढे ते दोन मुलींना वाटून देता यावं म्हणून मधोमध कापलं गेलं. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे ऐकून पोटात गोळा येतो. पण विचार करा, ज्या काळात एका पुरुषाच्या घरात चार बायका असत आणि कागदोपत्री एकच नाव लागे, त्या काळात प्रत्येकीनं आपल्या चौकोनावर स्वतःचं नाव घातलं आहे. याला स्त्रीवादी कला म्हणायचं का, हे तुमच्या मार्गदर्शकांशी भांडून ठरवा. मी म्हणते.

रेशमाची गोष्ट तर मला सगळ्यांत आवडते. १८७० च्या दशकात चर्चनं रेशीम युटातच पिकवायचं ठरवलं, आणि काम अर्थात बायकांवर आलं. त्यासाठी काढलेल्या संघटनेची प्रमुख झायना यंग. तिला अळ्यांची मनस्वी किळस होती, तरी तिनं त्या पाळल्या, तुतीचा पाला घातला. धंदा म्हणून ते फारसं चाललं नाही. पण १९०० मध्ये मताधिकाराची लढाई लढणाऱ्या सुझन अँथनीचा ८० वा वाढदिवस आला, तेव्हा युटाच्या बायकांनी तिला स्वतः पिकवलेल्या रेशमाचं काळं कापड भेट दिलं. युटाच्या बायकांना मताचा अधिकार १८७० मध्येच मिळाला होता, १८८७ मध्ये बहुपत्नीत्वाविरुद्धच्या कायद्यानं तो काढून घेतला आणि १८९६ मध्ये युटा राज्य झालं तेव्हा परत मिळाला. चर्चनं कर्तव्य म्हणून सोपवलेल्या अळ्यांपासून निघालेलं कापड शेवटी एका मताधिकारवाल्या बाईच्या अंगावर गेलं. माझ्या लेखी हा त्या परंपरेचा गाभा आहे: जे काम ‘बायकांचं’ म्हणून पदरात टाकलं, त्याच कामाची भाषा करून बोलायचं.

मग राग आला कुठून? त्याला एक साल आहे. १९७० पर्यंत रिलीफ सोसायटी आपले पैसे आपण उभे करायची, बाजार भरवायची, क्विल्ट विकायची, स्वतःचं मासिक काढायची. त्या वर्षी पैशांचा कारभार पुरुषांच्या हाताखाली गेला आणि मासिक बंद झालं. त्याच सुमारास बॉस्टनजवळ राहणाऱ्या काही मॉर्मन बायकांना हार्वर्डच्या वाइडनर ग्रंथालयात ‘वुमन्स एक्स्पोनंट’चे जुने अंक सापडले. १८७२ ते १९१४ पर्यंत युटाच्या बायकांनी चालवलेलं हे पत्र होतं, आणि त्यात मताधिकारावर, बायकांच्या शिक्षणावर सडेतोड लिहिलेलं. आपल्या पणज्या आपल्यापेक्षा जास्त बोलत होत्या हे कळल्यावर या बायकांनी १९७४ मध्ये ‘एक्स्पोनंट टू’ सुरू केलं.

पुढे अमेरिकेच्या घटनेत स्त्री-पुरुषांना समान हक्क देणाऱ्या दुरुस्तीवरून ठिणगी पडली. चर्च त्या दुरुस्तीच्या विरोधात उतरलं. दुरुस्तीच्या बाजूच्या मॉर्मन बायकांनी चर्चच्या अधिवेशनाच्या वेळी विमानाच्या मागे फलक बांधून उडवला, त्यावर स्वर्गातल्या आईचा आमच्या बाजूला आशीर्वाद आहे अशा अर्थाचा मजकूर होता. पुन्हा कापडच, बघा. १९७९ मध्ये या दुरुस्तीसाठी लढणाऱ्या सोनिया जॉन्सनला बहिष्कृत केलं. १९९३ मध्ये सहा अभ्यासकांवर कारवाई झाली, त्यांत स्त्रीवादी लिहिणाऱ्याही होत्या. २०१४ मध्ये बायकांना प्रीस्टहूड मागणाऱ्या केट केलीला काढलं. हे सगळं एवढ्यासाठी सांगते की आत राहून काम करणाऱ्या बाईला तोंडी बोलण्याची किंमत ठाऊक असते. मॉर्मन माणसाला चर्चमधून काढणं म्हणजे सभासदत्व जाणं एवढंच नाही. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे कुटुंब मृत्यूनंतरही मंदिरातल्या विधीनं एकत्र राहतं, तो धागाच तुटतो. आतली चित्रं गोड दिसतात त्यामागे हेही आहे.

गोड दिसणाऱ्यांत सगळ्यांत आधी मिनर्व्हा टायकर्ट बघा. १८८८ चा जन्म, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आणि मग न्यूयॉर्कला रॉबर्ट हेन्रीकडे शिकलेली. हेन्रीनंच तिला सांगितलं म्हणतात, तुझ्या लोकांची गोष्ट तू रंगव. ती परत आली, लग्न केलं, पाच मुलं झाली आणि वायोमिंगच्या कोकव्हिल या खेड्यात गुराढोरांच्या घरात राहिली. स्टुडिओ नव्हता. बैठकीच्या खोलीत भिंतीला कॅनव्हास ठोकायची, मावला नाही तर घडी घालून एकेक भाग रंगवायची. मोठं चित्र लांबून बघायला जागा नव्हती म्हणून दुर्बीण उलटी धरून बघायची. मला तिची ही उलटी दुर्बीण फार आवडते. जागा कुणी दिली नाही, तर अंतर तिनं स्वतः तयार केलं.

तिनं स्वतःला कधी स्त्रीवादी म्हटलं नसेल, म्हणायचं कारणही नव्हतं. पण मॉर्मन ग्रंथ घ्या. त्यात नावानं येणाऱ्या बायका सहाच, आणि त्यातल्याही ईव्ह, सारा आणि मेरी बायबलमधल्या. त्याच ग्रंथावर टायकर्टनं १९५० च्या आगेमागे ४२ चित्रं काढली आणि त्यांत बायका जागोजागी आल्या: राण्या, दासी, आया, वाट चालणाऱ्या मुली. ग्रंथ ज्यांच्याबद्दल गप्प आहे त्यांना तिनं कॅनव्हासवर आणून उभं केलं. चर्चनं ती मालिका छापली नाही. त्याच सुमारास आर्नल्ड फ्रायबर्गची बारा चित्रं लोकांसमोर आली, पिळदार दंडांच्या पैलवानांची, आणि आजही मॉर्मन माणसाच्या डोळ्यांपुढे ग्रंथ म्हणजे ते दंड येतात. गंमत अशी की फ्रायबर्गला ते काम दिलं ॲडेल हाउल्सनं, मुलांच्या मासिकासाठी, त्यासाठी स्वतःची जमीन विकून. बाईनं पैसे घातले आणि चित्रांतून बायका जवळजवळ गेल्या. असे गुंते टाळून प्रबंध लिहू नका.

१९४७ मध्ये टायकर्टला युटातल्या मँटी मंदिराचं एक दालन रंगवायला मिळालं. मंदिरात भित्तिचित्रं करणारी ती पहिली बाई. याआधी १८९० मध्ये चर्चनं मंदिरासाठी चित्रकार तयार करायला पॅरिसला पाठवले होते, ते सगळे पुरुष. मेरी टीझडेल मात्र काही वर्षांनी स्वतःच्या खर्चानं पॅरिसला गेली आणि तिथल्या सलाँमध्ये, म्हणजे मोठ्या कलाप्रदर्शनात, तिचं काम लागलं. टायकर्टनं मँटीच्या उंच भिंती महिन्याभराच्या आसपास आटोपल्या, वय तेव्हा साठीला आलेलं. मार्च २०२१ मध्ये चर्चनं जाहीर केलं की नूतनीकरणात ही चित्रं काढावी लागतील. बरीच ओरड झाली, त्यात चर्चमध्ये नियमित जाणाऱ्या साध्या बायकाही होत्या. दीड-दोन महिन्यांत निर्णय फिरला, चित्रं राहिली आणि शेजारच्या इफ्रेमला नवं मंदिर जाहीर झालं. याच काळात सॉल्ट लेकच्या मंदिरातली जुनी भित्तिचित्रं मात्र गेली.

आता स्वर्गीय मातेबद्दल. आजच्या बहुतेक कामाची नस तिथे आहे. मॉर्मन शिकवणुकीत देव पिता आहे आणि त्याच्या जोडीला माताही आहे. १८४५ मध्ये एलायझा स्नोनं, म्हणजे लोरेन्झोच्या बहिणीनं, एका कवितेत म्हटलं की स्वर्गात फक्त बाप असेल हे बुद्धीला पटत नाही. ती कविता पुढे भजन झाली आणि आजही म्हटली जाते. पण मातेबद्दल चर्च त्यापुढे फारसं काही सांगत नाही. १९९१ मध्ये सांगितलं गेलं की तिची प्रार्थना करू नये, २०२२ मध्ये पुन्हा की तिच्याबद्दल तर्क लढवू नयेत. आहे, पण बोलायचं नाही. अशा जागी चित्रकाराला मोकळं रान मिळतं, कारण रंगानं केलेल्या तर्काला शब्दांसारखं पकडता येत नाही. २०१४ मध्ये ‘अ मदर हिअर’ नावाची चित्रांची आणि कवितांची स्पर्धा झाली आणि त्यानंतर या विषयावर पूर आला.

पुरात गाळही असतो. सोनेरी वलय, लांब मोकळे केस, गोरीपान बाई, असली बरीच चित्रं मला कॅलेंडरसारखी वाटतात. पित्याची जी साचेबंद मूर्ती नको होती, तिचीच मादी आवृत्ती. त्यापेक्षा केटलिन कॉनोलीची खांद्याला खांदा लावून उभी राहणारी, ओझं वाहणारी माणसं बघा. पेज क्रॉसलँड अँडरसननं तर माणूसच काढलेला नाही. क्विल्टच्या नमुन्यासारखे भौमितिक तुकडे ती थरावर थर देत रंगवते, रोजच्या त्याच त्या घरकामासारखे. मला तिथे स्वर्गातली आई जास्त दिसते, पण हे माझं धावदोऱ्याचं प्रेम बोलत असेल.

लेस्ली पीटरसनला विसरू नका. २०१४ मध्ये चर्चनं स्वतःच्या संकेतस्थळावर मान्य केलं की जोसेफ स्मिथच्या बायकांची संख्या अंदाजे तीस ते चाळीस असावी आणि त्यातली एक पंधराही पूर्ण नव्हती. ते वाचून पीटरसननं ‘विस्मरणात गेलेल्या बायका’ म्हणून एकेकीचं जलरंगात चित्र काढायला घेतलं. चित्रं रंगीत, थोडी खट्याळ, व्यंगचित्राच्या अंगानं जाणारी. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं, एवढ्या गंभीर गोष्टीची ही थट्टा का? नंतर लक्षात आलं की पाठ्यपुस्तकी करुण चेहरे काढले असते तर त्या बायका पुन्हा एकसारख्या झाल्या असत्या. थट्टेत प्रत्येकीचं नाक वेगळं येतं.

याच्या शेजारी चर्चनं मान्य केलेली प्रतिमाही ठेवा. नॉव्हूला १९७८ मध्ये रिलीफ सोसायटीनं स्त्रियांचं स्मारक म्हणून बागेत कांस्यपुतळे उभारले. आई, शिक्षिका, क्विल्ट करणारी म्हातारी अशी बाईच्या आयुष्याची रूपं. घटनादुरुस्तीचा वाद ऐन भरात होता तेव्हा. २०२० मध्ये तर सभागृहांच्या दर्शनी भागात कुठली चित्रं लावावीत याची बावीस चित्रांची यादीच आली, सगळी ख्रिस्ताची. रविवारी दारातून आत जाणाऱ्या मुलीला भिंतीवर काय दिसतं आणि काय दिसत नाही, यावर एक अख्खं प्रकरण होईल.

तर श्रद्धा सांभाळून होतं का? होतं, पण घोषणेसारखं दिसत नाही म्हणून तुम्ही त्याला गोड म्हणून बाजूला ठेवता आहात. प्रबंधात राहिलेल्या आणि गेलेल्या अशी दोन प्रकरणं करू नका. साधनाप्रमाणे करा: टाचणी, चौकोन, रेशीम, भिंत. एल्सवर्थ आणि १८५७ च्या त्या सही करणाऱ्या बायका एकाच प्रकरणात येतील, आणि यायलाच हव्यात.

प्रवासाचं म्हणाल तर प्रोव्होच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संग्रहात टायकर्ट भरपूर आहे. सॉल्ट लेकला मंदिराच्या समोरच चर्चचं इतिहास संग्रहालय आहे, तिथे क्विल्टही दिसतील. दालनात काय लागलं आहे ते आधी पत्र पाठवून विचारा, साठ्यातलं बघायचं तर वेळ घ्यावी लागते. मँटीचं दालन २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये पुनःसमर्पणाआधी सगळ्यांना खुलं होतं. आता चर्चच्या आतल्या परवान्याशिवाय दारापुढे जाता येत नाही, फोटोंवर भागवा. आणि कुणाच्या घरी जुनं क्विल्ट दाखवलं तर मालकिणीला विचारा, उलटं करून बघू का. मला आजवर एकीनंच नाही म्हटलं आहे, आणि तेसुद्धा मागून उंदरानं खाल्लं होतं म्हणून.